कुत्रं लंगडतंय? घरातली गोळी देऊ नका. सांधेदुखीवर औषध कोणतं, किती आणि कसं द्यायचं

थंडीत वस्तीवरची म्हातारी कुत्री सकाळी उठताना कण्हतात, मागचा पाय ओढत चालतात. ऊन अंगावर आलं की जरा मोकळी होतात. वयानं सांध्यातली कूर्चा झिजल्याचं हे लक्षण. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा जड जातींत खुब्याचा सांधा लहानपणापासूनच सैल असू शकतो, त्यांना हा त्रास लवकर लागतो. आणि मग बहुतेक घरांत पहिला हात जातो तो आजोबांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या डबीकडं. कुत्र्याच्या जिवावर बेततं ते इथंच.

माणसाला चालणारी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला चालत नाही. पोटात जखमा होतात, आतून रक्त जातं, किडनी निकामी होते. पायावर चोळायचं डायक्लोफेनॅकचं मलमही तितकंच वाईट, कारण कुत्रं ते चाटूनच काढतं. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर देशात २००६ पासून बंदी आहे. ती आली गिधाडांमुळं. हे औषध टोचलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं किडनी बंद पडून मरत होती. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. पॅरासिटॅमॉलही मनानं देऊ नये. मांजराला तर त्याची एक गोळीही जीवघेणी ठरते.

कुत्र्याच्या सांध्यासाठी आपल्याकडं पशुवैद्यक जास्त करून मेलॉक्सिकॅम लिहून देतात. कार्प्रोफेन आणि फिरोकॉक्सिब ही त्याच कामाची दुसरी औषधं. मेलॉक्सिकॅमचा नेहमीचा डोस पहिल्या दिवशी किलोमागं ०.२ मिलिग्रॅम आणि नंतर रोज एकदा ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे १५ किलोच्या गावठी कुत्र्याला पहिल्या दिवशी ३ मिलिग्रॅम, पुढं दीड. मेडिकलमध्ये माणसांची जी गोळी मिळते ती ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची. त्यातली लहान गोळी अख्खी दिली तरी रोजच्या डोसाच्या पाचपट जाते. नाव तेच आहे म्हणून औषध तेच, असा हिशोब इथं चालत नाही. कुत्र्यांसाठी पातळ औषध वेगळं मिळतं, त्यासोबतच्या पिचकारीनं मोजून देता येतं. आधी वजन करा. कुत्र्याला उचलून धान्याच्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, एवढं सोपं आहे ते.

औषध भाकरीच्या तुकड्यासोबत, भरल्या पोटी द्यावं. पाण्याचं भांडं रिकामं ठेवू नये. उलटी, काळी डांबरासारखी शी, खाणं सोडणं, एकदम वाढलेली तहान, यातलं काहीही दिसलं की गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवावं. महिनोन् महिने औषध चालवायचं असेल तर आधी रक्ताची तपासणी करून किडनी आणि लिव्हर पाहून घेतात. गाभण किंवा पाजणाऱ्या कुत्रीला हे औषध नको.

एक गोष्ट गावाकडं हमखास होते. कुणीतरी येऊन स्टिरॉईडचं इंजेक्शन देतो, कुत्रं दुसऱ्या दिवशी पळायला लागतं, सगळे खूष. दोन दिवसांनी पुन्हा लंगडलं की मालक मेलॉक्सिकॅम सुरू करतो. ही दोन औषधं एकत्र आली की आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. म्हणून आधी काय टोचलंय हे डॉक्टरांना न लपवता सांगावं. एक वेदनाशामक बदलून दुसरं द्यायचं झालं तरी मध्ये काही दिवसांची मोकळीक ठेवतात.

दुसरं म्हणजे, लंगडणं दर वेळी म्हातारपणाचं नसतं. तरणं कुत्रं, अंगात ताप, आज हा पाय तर उद्या तो, कानात गोचिडं भरलेली, असं असेल तर गोचीड तापाचा संशय धरावा. त्यातही सांधे सुजतात. हा ताप रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी करतो, त्यामुळं मनानं वेदनाशामक देणं जास्तच धोक्याचं. त्यावर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावी लागते. चार दिवसांत कुत्रं बरं दिसतं आणि मालक गोळ्या सोडतो, मग दुखणं पुन्हा उलटतं. सोबत गोचिडांचा बंदोबस्त हवाच. नुसत्या दूध-भाकरीवर वाढलेल्या पिल्लाचे पाय वाकले असतील तर ते खाण्यातल्या कमतरतेचं दुखणं, तिथं वेदनाशामकाचं काम नाही. मात्र मोठ्या जातीच्या पिल्लाला भसाभसा कॅल्शियम पाजलं तरी हाडं बिघडतात.

ग्लुकोसामाइनच्या महागड्या पुड्या बाजारात पुष्कळ आहेत. नुकसान सहसा होत नाही, पण फायद्याचा पुरावा कच्चा आहे. पैसे मोजायचेच तर माशाचं तेल बरं, त्याचा पुरावा जरा पक्का आहे. सगळ्यात स्वस्त इलाज वजन उतरवण्याचा. लठ्ठ कुत्र्याचं वजन सहा-सात टक्क्यांनी घटलं तरी लंगडणं कमी झालेलं दिसतं. झोपायला गोणपाट, फरशी निसरडी असेल तर तिच्यावर पोतं, रोज थोडं चालवणं, यानं गोळीची गरजही कमी होते. बिब्बा लावणं किंवा डाग देणं मात्र बंद व्हायला हवं. सांधा तसाच राहतो, वर कातडी भाजते.

तपासणीसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. एक्स-रे किंवा शस्त्रक्रियेची गरज पडली तर परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. जाताना आधी दिलेल्या सगळ्या औषधांची रिकामी पाकिटं सोबत न्यावीत.