'ब्रह्मचारी' आणि मराठी बोलपटातील विक्षिप्त प्रणयविनोद

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली आपला चित्रव्यवसाय नाशिकला आणला. तेथेच १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. १९३६ साली याच नगरीत गोदावरी सिनेटोनचा 'सती सुलोचना' तयार झाला. त्याची पटकथा तरुण वि. वा. शिरवाडकरांची. हरिश्चंद्रापासून सुलोचनेपर्यंत या परंपरेत व्रत हे पूज्य होते. दोनच वर्षांनी कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने व्रतालाच हास्यविषय केले.

त्या बोलपटाचे नाव 'ब्रह्मचारी' (१९३८). कथा-संवाद आचार्य अत्र्यांचे, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. त्यातील औदुंबर एका व्याख्यानाने भारावून नटींची चित्रे फाडतो आणि आश्रमात दाखल होतो. पुढे किशोरी येते व त्याच्या निग्रहाचा बुरूज ढासळतो. ही भूमिका मीनाक्षी यांनी केली. त्यांच्या पोहण्याच्या पोशाखातील गीतप्रसंगावर तेव्हा मोठा गहजब झाला. आमच्या मते खरे धाडस पोशाखात नव्हते. प्रणयाचा पुढाकार नायिकेकडे आहे, आणि नायक पळतो आहे, हे ते धाडस होय.

हॉलिवुडमध्ये याच सुमारास 'स्क्रूबॉल' म्हणून ओळखला जाणारा चित्रप्रकार भरात होता. बेसबॉलमधील अपेक्षेच्या उलट वळणाऱ्या चेंडूचे हे नाव. फ्रँक काप्रा यांच्या १९३४ च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'ने त्यास प्रतिष्ठा दिली. हॉवर्ड हॉक्स यांच्या 'ब्रिंगिंग अप बेबी'त (१९३८) एका प्राचीन प्राण्याच्या सांगाड्यात गढलेल्या शास्त्रज्ञाला एक स्वच्छंदी तरुणी व तिचा बिबट्या मिळून सळो की पळो करतात. औदुंबराशी त्याचे साम्य डोळ्यांत भरते.

तथापि यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' हे नाटक १९३३ चे. सूर्यनमस्काराच्या वेडाने झपाटलेले रावबहादूर आणि आपापल्या छंदात मग्न अशी इतर पात्रे त्यात आहेत. छांदिष्ट कुटुंबाचे असेच चित्र रंगविणारे 'यू कान्ट टेक इट विथ यू' हे अमेरिकन नाटक त्यानंतर तीन वर्षांनी रंगभूमीवर आले. आमच्याकडील विक्षिप्तांचा वंश कोल्हटकर-गडकऱ्यांच्या विनोदापर्यंत मागे जातो. त्यासाठी सातासमुद्रापलीकडे पाहण्याचे कारण नाही.

भेद आहे तो अडसराचा. काप्राच्या चित्रपटात प्रेमिकांमध्ये संपत्ती उभी असते. महामंदीने गांजलेल्या प्रेक्षकाला धनिककन्येची फजिती रुचली. 'ब्रह्मचारी'त मात्र आदर्श आडवा येतो. ज्या काळात त्याग व संयम हे राष्ट्रकार्याचे अलंकार मानले जात, त्या काळी आश्रमीय दंभावर हसणे हे सामाजिक टीकेचेच एक रूप होते.

ही वाट मात्र रुंद झाली नाही. विनायकांच्याच 'लग्न पहावे करून'मध्ये (१९४०) चि. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आले. विनोद निर्मळ व घरगुती झाला, परंतु किशोरीची जागा रिकामीच राहिली. १९४७ साली विनायक निवर्तले. पुढे १९५६ मध्ये हिंदीतील 'चोरी चोरी'ने काप्राचे कथानक घेतले, तेव्हा आडवी आली ती पुन्हा संपत्तीच.