मैदान मुलींचे

'मैदान' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि असा रुजला की तो पाहुणा आहे हे आता कुणाला आठवतही नाही. मैदान मारले, मैदान गाजवले, मैदान सोडून पळाला, गावात कुस्त्यांचे मैदान भरले. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे असे शब्द दोन्ही वर्गांत हाताला लागतात. वाक्यात उपयोग करा म्हटले की मुले-मुली भराभर लिहितात आणि बहुतेक वाक्यांत मैदान मारणारा कुणी तरी पुरुषच असतो. मुलीही तसेच लिहितात. भाषेला का बोल लावायचा? मैदानावर जे दिसते तेच वहीत उतरते.

मुंब्र्यातल्या मुलींनी फुटबॉल खेळून या शब्दाचा वाक्यात वेगळा उपयोग केला. त्याची हकिकत आपल्या मराठी वाचकांपर्यंत फारशी आलेली नाही, आणि आली तेव्हा अर्धीच आली.

मुंब्रा ठाणे महापालिकेच्या हद्दीत येते. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसरीकडे खाडी आणि मधून जाणारी रेल्वे. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतल्या वस्त्यांमधून असंख्य मुस्लिम कुटुंबे इथे येऊन राहिली. मिळेल त्या जागेवर इमारती उठल्या, एकीला दुसरी खेटून. अशा वस्तीत सगळ्यात आधी जाते ती मोकळी जागा. जी थोडीफार उरते तिच्यावर मुलगे क्रिकेट खेळतात. ती जागा मुलींचीही आहे असे कुणाच्या मनातही येत नाही, मुलींच्याही नाही.

इथे सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'परचम' नावाची संस्था उभी केली. परचम म्हणजे निशाण, झेंडा. उर्दूचे वाचक हसून मान डोलावतील, कारण हे नाव मजाज लखनवींच्या कवितेवरून घेतलेले आहे. त्या कवितेत शायर स्त्रीला तिच्या पदराचेच निशाण करायला सांगतो. आमच्या अभ्यासक्रमात मजाज येतात ते बहुधा रूमानी शायर म्हणून, परीक्षेत चार गुणांपुरते. त्यांच्या एका कल्पनेतून मुलींच्या संघाचे नाव निघावे हे मला कुठल्याही मुशायऱ्यातल्या दादेपेक्षा मोठे वाटते.

2012 च्या सुमारास परचमने 'मॅजिक बस' या संस्थेच्या मदतीने 40 मुलींना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. फुटबॉलच का, हा प्रश्न योग्य आहे. एक कारण अगदी साधे: एका चेंडूवर बावीस जणी खेळतात. बॅट नको, पॅड नको, मोठी खेळपट्टी नको. जागा लहान असली तर पाच-पाच जणींचे संघ करता येतात आणि चार दगड ठेवले की दोन्ही गोल तयार. दुसरे कारण सबा खान यांच्या कामाच्या मुळाशी आहे. या खेळात अंगाला अंग लागते, धक्का बसतो, पडायला होते, ओरडून पास मागावा लागतो. आमच्या मुलींना लहानपणापासून जे जे करू नको म्हणून सांगितले जाते, त्यातले बहुतेक सगळे एका सामन्यात करावे लागते. कॅरम खेळून हे झाले नसते.

काही मुलींनी सुरुवातीला घरी सांगितलेच नाही. काहींच्या अम्मी सोबत होत्या, अब्बांना मात्र नंतर कळले. हे लपवणे मला आवडत नाही, पण समजते.

खरा पेच खेळाचा नव्हता, जागेचा होता. मैदानावर मुलग्यांचा ताबा, आजूबाजूला बघ्यांची गर्दी. आज इथे, उद्या तिथे असा सराव किती दिवस चालणार? मग मुलींनी एक अर्ज तयार केला आणि घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या. सुमारे 900 सह्या झाल्या. मागणी एकच होती, मुलींना खेळायला राखीव मैदान हवे. तो अर्ज त्यांनी स्थानिक आमदार जितेंद्र आव्हाड यांच्याकडे नेला आणि मुलींसाठी मैदान राखण्याची मागणी मान्य झाली.

या 900 सह्यांपाशी थोडे थांबायला हवे, कारण इंग्रजी वर्तमानपत्रांनी यातले नेमके हेच ओझरते सांगितले. त्यांचे मथळे बुरख्याभोवती फिरत राहिले: बुरख्यातल्या मुली आणि फुटबॉल, बंधने तोडणाऱ्या मुली. छायाचित्रकाराला स्कार्फ आणि चेंडू एका चौकटीत मिळाला की त्याचे काम झाले. पण दार वाजवून, समोरच्या चाचींना आपण कोण, कुणाची मुलगी, काय मागतो आहोत हे सांगून, कागद पुढे करून सही घेणे हे गोल करण्याहून अवघड असते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने हे एकदा केले की तिला नागरिकशास्त्राचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. आणि ज्यांनी सह्या दिल्या त्या मोहल्ल्यातल्याच बायका-पुरुष होत्या. 'समाजाचा विरोध' असे आपण सरसकट म्हणतो तेव्हा या सह्यांचे काय करायचे?

मैदान राखीव कशाला, सगळ्यांनी मिळून खेळावे, असे मला एका सहकारी शिक्षकांनी विचारले होते. शाळेत मधल्या सुट्टीत बघावे. पाचवीपर्यंत मुली पळतात. सातवीत त्या भिंतीच्या कडेने चालू लागतात. आठवीत पायऱ्यांवर बसून डबा खातात आणि मधला सगळा पटांगणाचा चौक मुलग्यांचा होतो. कुणी फलक लावलेला नसतो, कुणी हाकलून दिलेले नसते. आमच्याच शाळेत हे होते असे नाही, माझ्या माहितीतल्या मराठी, उर्दू, इंग्रजी सगळ्या माध्यमांत होते, आणि हिंदू-मुस्लिम असा फरकही त्यात फारसा नसतो. एकदा सुटलेली जागा आपोआप परत मिळत नाही, ती वेळापत्रकात लिहून घ्यावी लागते. वेळेचेही तेच. शाळा, क्लास, धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे, मग मगरिबची अजान झाली की घरात. यातून मुलीला मिळतो जेमतेम तासभर. त्या तासात मैदान रिकामे नसेल तर तिच्यासाठी मैदान नाहीच.

हा अडथळा फक्त आपल्या वस्त्यांचा आहे असे समजणाऱ्यांनी इंग्लंडचा इतिहास जरूर वाचावा. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायका फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन गावच्या 'डिक, केर लेडीज' या संघाचा 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सामना झाला, तेव्हा सुमारे 53,000 प्रेक्षक आले होते. वर्ष संपायच्या आत, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांना बायकांना मैदान देण्यास मनाई केली. खेळ बायकांना मानवणारा नाही, हे कारण. लक्षात घ्या, बंदी खेळण्यावर नव्हती, मैदानावर होती. तेवढे पुरले. पुढची जवळपास 50 वर्षे तो खेळ बागांत आणि माळांवर तगून राहिला.

दुसरी बंदी आपल्या डोळ्यांदेखतची. 2007 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार डोके झाकून खेळता येत नव्हते. जून 2011 मध्ये अम्मानला ऑलिंपिक पात्रता सामन्यात इराणच्या मुलींना याच कारणाने मैदानात उतरू दिले नाही. 2012 मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली, कायमची मिळाली ती 1 मार्च 2014 ला. म्हणजे मुंब्र्यातली एखादी मुलगी स्कार्फ बांधून पहिल्यांदा चेंडूला पाय लावत होती, तेव्हा जगाच्या नियमपुस्तकात तिच्या स्कार्फवर चर्चाच चालू होती. घरचे म्हणतात स्कार्फशिवाय जाऊ नको, पंच म्हणतात स्कार्फ घालून येऊ नको. दोघांनाही तिची काळजी! मोरोक्कोची नुहैला बेनझिना 2023 च्या विश्वचषकात हिजाब घालून खेळली, ती ज्येष्ठ महिलांच्या विश्वचषकातली अशी पहिली खेळाडू.

आपल्याकडच्या मुस्लिम फुटबॉलचा इतिहास तसा मोठा आहे. कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने 1934 मध्ये तिथली लीग जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय संघ, आणि 1938 पर्यंत सलग पाच वर्षे तोच विजेता राहिला. 1940 मध्ये त्याने ड्युरँड चषकही घेतला. आपल्या मुंबईतल्या रोव्हर्स चषकावर नाव कोरणारा पहिला भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स, साल 1937. गोऱ्या पलटणींना हरवल्याचा तो अभिमान खरा होता. मात्र त्या साऱ्या गौरवकथांत बाई कुठेच नाही. ती खिडकीतही दिसत नाही. देशात महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटनाच 1975 मध्ये आली, आणि 1980 मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली उपविजेत्या ठरल्या, हे किती जणांना ठाऊक आहे?

परचमचा मार्ग मोहम्मेडन स्पोर्टिंगपेक्षा एका बाबतीत वेगळा आहे आणि मला तो जास्त पटतो. त्यांनी केवळ मुस्लिम मुलींचा संघ काढायचा नाही असे ठरवले. वेगवेगळ्या धर्मांच्या, जातींच्या मुली एकाच संघात खेळाव्यात यासाठी शेजारच्या वस्त्यांतल्या मुलींनाही जोडून घेतले. दंगलींनंतर वाढलेल्या वस्तीत हा निर्णय सोपा नव्हता. पास देताना समोरच्या मुलीचे आडनाव पाहायला वेळ मिळत नाही, हे या खेळाचे मोठेच उपकार.

आणि ते जे मुलींचे सामने भरवतात, उत्सव करतात, त्यांना नावे कुणाची, तर फातिमाबी आणि सावित्रीबाईंची. इथे आपले नगर या गोष्टीत येते. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या शिक्षिका 1827 मध्ये मुंबईला आल्या आणि 1839 पासून 1862 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची शाळा जोतीरावांनी मित्र सदाशिव गोवंडे यांच्यासोबत येऊन पाहिली होती आणि सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे प्रशिक्षणही फरारबाईंकडे झाले, असे चरित्रकार सांगतात. फातिमा शेख यांचा उल्लेख सावित्रीबाईंनी ऑक्टोबर 1856 मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात येतो. त्यांच्याविषयी माहिती तुटपुंजी आहे म्हणून अलीकडे त्या होत्या की नव्हत्या असा वाद रंगला. वाद घालणारे घालोत. मुंब्र्यातल्या मुलींना ते नाव हवे होते आणि त्यांनी ते आपल्या खेळाला लावले.

मग वाढ किती झाली? चषकांच्या हिशेबात विचाराल तर या उपक्रमातून अजून कुणी भारताच्या संघात गेल्याचे माझ्या वाचनात नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, अंतिम सामना पारसिकच्या डोंगरापलीकडे नवी मुंबईतच. भारताच्या मुली तिन्ही सामने हरल्या. मोरोक्कोच्या मुलींनी आपल्याला 3-0 ने हरवले. मोरोक्कोने त्याआधी मुलींच्या फुटबॉलवर मनापासून पैसा आणि मेहनत लावली होती. आपल्याकडे आठवीतल्या मुली अजून पायऱ्यांवर आहेत.

इथल्या एखाद्या शाळेला असे काही सुरू करायचे असेल, तर खर्चाची भीती बाळगू नये. बारा वर्षांपर्यंतच्या मुलींना चार नंबरचा चेंडू लागतो, त्यापुढे पाच नंबरचा. बूट नसले तरी सुरुवातीला कॅनव्हासच्या बुटांवर भागते. पहिल्या पालकसभेत अम्मी-आयांचे प्रश्न तीनच असतील: कुठे खेळणार, शिकवायला कोण, आणि घरी किती वाजता येणार. उत्तरे कागदावर लिहून मगच सभा बोलवावी, आणि परतीची वेळ मगरिबच्या आधीची ठेवावी.