आडवे निजवून तपासले की नाहीसा होणारा आजार

दिवस कलला की ओटीपोट जड होते. फार वेळ उभे राहिल्यास ठणका वाढतो, मासिक पाळीच्या आधी आणि शरीरसंबंधानंतर तो अधिकच छळतो; आडवे पडले की हळूहळू ओसरतो. महिनोन्महिने चालणारे हे दुखणे विशेषतः एकाहून अधिक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत आढळते. या वर्णनातला ‘आडवे पडले की’ हा तपशील वैद्यकशास्त्राने मनावर घ्यायला शंभराहून अधिक वर्षे लावली.

१८५७ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक रिशे यांनी ओटीपोटातील फुगलेल्या नीलांचे वर्णन केले. पायांवर दिसणाऱ्या व्हेरिकोज व्हेन्सचेच हे आतले भावंड. नीलांतील झडपा निकामी झाल्या की वर हृदयाकडे निघालेले रक्त उलटे फिरते आणि खाली साचते. गरोदरपणात या नीला कमालीच्या ताणल्या जातात आणि काहींच्या बाबतीत पुन्हा पूर्ववत होत नाहीत. डावी बाजू अधिक बळी पडते, कारण डाव्या अंडाशयाची नीला महानीलेत न जाता मूत्रपिंडाच्या नीलेला जवळजवळ काटकोनात मिळते.

१९४९ मध्ये अमेरिकेतील हॉवर्ड टेलर यांनी या रक्तसंचयावर विस्तृत लेखमाला प्रसिद्ध केली. रक्त साचते हे त्यांना मान्य होते, एवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु त्याचे मूळ त्यांनी भावनिक ताणात शोधले. ‘हिस्टेरिया’ हा शब्दच मुळी गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून घडवणाऱ्या परंपरेला हे स्पष्टीकरण सोयीचे होते. नीला मागे पडल्या आणि रुग्णाचा स्वभाव पुढे आला.

पुढे पोटात दुर्बीण घालून पाहण्याची सोय झाली आणि गोंधळ मिटण्याऐवजी वाढला. या तपासणीत स्त्रीला डोके खाली, कंबर वर अशा स्थितीत निजवतात आणि पोटात वायू भरतात. उतार आणि दाब या दोहोंमुळे फुगलेल्या नीला रिकाम्या होतात. डॉक्टरांना सारे निरोगी दिसे. अहवालात ‘दोष नाही’ असे लिहिले जाई. पुरावा तपासणीच्या टेबलावरच पुसला जात होता!

१९८४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील रिचर्ड बिअर्ड आणि सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच, दुर्बिणीत काहीही न सापडलेल्या स्त्रियांकडे लक्ष वळवले. गर्भाशयात रंगद्रव्य टोचून त्यांनी क्ष-किरण चित्रे घेतली. नीला किती रुंद आहेत आणि रंगद्रव्य निघून जायला किती वेळ लागतो, हे मोजले. दुखणे असणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांच्या नीला रुंद निघाल्या, प्रवाह मंद निघाला. तरीही शंका उरत होती: रुंद नीला हे वेदनेचे कारण की केवळ योगायोग? १९८७ मध्ये याच गटाने नीला आकुंचित करणारे डायहायड्रोएर्गोटामाइन हे औषध शिरेतून दिले. नीला अरुंद झाल्या आणि वेदनाही कमी झाली. ‘मनाचे खेळ’ या निदानाला इतके नेमके उत्तर क्वचितच मिळाले असेल.

उपचार मात्र बराच काळ कठोर राहिले. संप्रेरकांनी भागले नाही, तर गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढून टाकण्यापर्यंत मजल जाई. तरुण स्त्रीसाठी ही किंमत फार मोठी होती. १९९३ मध्ये अंडाशयाची नीला आतूनच बंद करून एका रुग्णाला बरे केल्याची नोंद प्रसिद्ध झाली. जांघेतून किंवा मानेतून बारीक नळी सरकवायची आणि बिघडलेल्या नीलेत धातूची वेटोळी बसवायची, अशी ही पद्धत. अनेकींना तिने आराम दिला, तरी तिच्यावरील काटेकोर तुलनात्मक चाचण्या थोड्याच आहेत. शिवाय फुगलेल्या नीला मुळीच न दुखणाऱ्या स्त्रियांतही सापडतात. त्यामुळे चित्रावरून निदान उरकता येत नाही.

२०२१ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘पेल्व्हिक कंजेशन सिंड्रोम’ हे मोघम नाव सोडून लक्षणे, फुगलेल्या नीलांची जागा आणि रक्तप्रवाहातील बिघाड अशा तीन अंगांनी नोंद करण्याची पद्धत सुचवली. आणि सोनोग्राफी करताना आता अनेक ठिकाणी स्त्रीला श्वास रोखून जोर करायला सांगतात, किंवा सरळ उभे करतात.