ज्वालामुखी उद्रेकाची पूर्वचिन्हे

शिलारस वर चढताना खडक तडकतात. लहान भूकंपांची मालिका सुरू होते आणि जमीन फुगते. हा फुगवटा कलमापक व उपग्रह टिपतात. फिलिपाईन्सच्या पिनाटुबोने अशा खुणा आठवडे आधी दिल्या. त्या वेळीच ओळखल्यामुळे १५ जून १९९१ च्या महाउद्रेकापूर्वी हजारोंचे प्राण वाचले. ज्वालामुखीशास्त्राचे हे फार मोठे यश.

मात्र प्रत्येक हादरा उद्रेकाची नांदी नसतो. भोपाळपासून कोकणापर्यंत आढळणारा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ते उद्रेक कधीच थांबले. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप याच खडकांच्या प्रदेशातला, पण त्याचा संबंध शिवसागर जलाशयाशी जोडला जातो, शिलारसाशी नाही. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे.