झोपडीचा उंबरठा

डिसेंबर १९४८ मध्ये दिल्लीत घटना समितीपुढे मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक दुरुस्ती मांडली. कोणाच्याही घराची वा कागदपत्रांची अवाजवी झडती घेतली जाऊ नये, हे तिचे सार. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, परंतु विधिमंडळाचा हात पोहोचणार नाही अशा जागी ती ठेवणे इष्ट, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही दुरुस्ती फेटाळली गेली. आपला बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. पोलीस कारवाईला तीन महिनेही झाले नव्हते, आणि घटना समितीत त्या संस्थानाचा प्रतिनिधी नव्हता. अपरात्री दारावर थाप पडली की घराचे काय होते, हे रझाकारांच्या काळातून गेलेल्या मराठवाड्याने तेथे सांगितले असते.

त्या नकाराची किंमत पुढे मोजावी लागली. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी झडतीविरुद्ध खासगीपणाचा हक्क घटनेत नाही असे म्हटले. १९६२ साली खरकसिंग खटल्यात पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी बेकायदा ठरल्या, पण खासगीपणाचा हक्क मात्र नाकारला गेला. हा निकाल आम्हांस नेहमीच अर्धवट वाटत आला आहे. न्या. सुब्बाराव यांनी त्याच वेळी वेगळे मत नोंदवून हा हक्क मान्य केला होता.

पुढचे पाऊल पडले ते एका झोपडीमुळे. नोव्हेंबर १९६५ मध्ये भिवंडीत एक पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका स्त्रीच्या झोपडीत शिरला आणि तिने नकार देताच बळजबरी करू लागला. तिने आरडाओरडा केला. खातेचौकशीत तो दोषी ठरला व नोकरीतून दूर केला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र, अशा चारित्र्याच्या स्त्रीच्या एकट्या शब्दावर अधिकाऱ्याचे भवितव्य पणाला लावणे धोक्याचे, असे म्हणून ती कारवाई रद्द केली. ऑक्टोबर १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरविला. न्या. अहमदी यांनी लिहिले की बदनाम समजल्या जाणाऱ्या स्त्रीलाही खासगीपणाचा हक्क आहे. वाटेल तेव्हा तिच्या घरात कोणी शिरू शकत नाही. आपल्या आयुष्याची काळी बाजू तिने न लपवता सांगितली, हा तिचा प्रामाणिकपणाच न्यायालयाने मानला. निकालपत्रात तिचे नाव आहे. ते येथे छापण्याची आम्हांस गरज वाटत नाही. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात न्यायालयीन कागदपत्रांवरून लिहिण्याची मोकळीक वृत्तपत्रांना मिळाली, तीतूनही अत्याचारित स्त्रीचे नाव वगळलेले आहे.

बीडच्या वाचकांना हा निकाल दूरचा वाटू नये. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात कोप्यांत राहतात. कोपीला दाराऐवजी बहुधा एखादे लुगडे वा पोते टांगलेले असते. मुकादम असो वा शिपाई, त्याने बाहेर थांबून हाक द्यावी, एवढा अर्थ भिवंडीच्या निकालातून निघतोच.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविले, आणि १९५४ व १९६२ च्या निकालांतील विरोधी विधाने रद्द केली. त्यातील न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राने, त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड यांनी १९७६ साली आणीबाणीत ज्या बहुमताला साथ दिली, तो निर्णयही चुकीचा ठरविला. काझी करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीची हकीकत त्याच निकालपत्रात आलेली आहे.