नाव बदललं आहे का?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेशासाठी अर्ज केला होता. एका रविवारी तिचा फोन आला, "बडे अब्बा, माझी मुलाखत आहे. पुण्यातच, कॅम्पातल्या एका कॉफीच्या दुकानात." मला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. मुलाखत म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर लांब टेबल येतं, पलीकडे चार माणसं आणि दाराशी नाव पुकारणारा शिपाई. इथे तर मुलाखत घेणारे गृहस्थ त्या कॉलेजचे प्राध्यापकसुद्धा नव्हते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिथे शिकलेले आणि आता पुण्यात नोकरी करणारे माजी विद्यार्थी. या कामाचा त्यांना एक पैसा मिळत नाही. तिच्या गुणांचा कागदही त्यांच्याकडे नव्हता. पाऊण तास बोलायचं आणि मुलगी कशी वाटली ते कॉलेजला लिहून कळवायचं, एवढंच.

संध्याकाळी मी विचारलं, "काय काय विचारलं गं?" म्हणाली, "हल्ली काय वाचलंस, फावल्या वेळात काय करतेस, कुठल्या गोष्टीबद्दल तुझं मत बदललं का. मग मीच त्यांना विचारलं, तिथल्या थंडीत तुम्ही राहिलात कसे? त्यावर ते वीस मिनिटं बोलत होते."

मला हेवा वाटला. मी बी.ए.च्या प्रवेशासाठी ज्या कॉलेजात गेलो होतो, तिथल्या सरांनी माझा फॉर्म हातात घेतला, नाव वाचलं आणि मान वर न करता सांगितलं, "उर्दू विभाग पहिल्या मजल्यावर." मी म्हटलं, सर, मला मराठी घ्यायचंय. तेव्हा त्यांनी मान वर केली. "झेपेल का?" बारावीला मराठीत मिळालेले गुण त्याच फॉर्मवर, नावाच्या चार ओळी खाली लिहिलेले होते. तिथपर्यंत त्यांची नजर पोहोचली नव्हती.

पुतणीच्या निमित्ताने मी या अमेरिकन मुलाखतीची कुळकथा शोधायला बसलो आणि माझा हेवा हळूहळू ओसरला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड, येल, कोलंबिया या विद्यापीठांत प्रवेश मिळवणं आजच्या मानाने सरळ होतं. लॅटिन, गणित वगैरे विषयांची लेखी परीक्षा द्या, उत्तीर्ण व्हा, फी भरा. मुलगा दिसतो कसा, घरी काय खातो, हे विचारायची गरज कुणाला वाटत नव्हती, कारण परीक्षेला बसणारे बहुतेक ठरावीक खाजगी शाळांतले, ठरावीक घराण्यांतले असत. पण पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुलं सरकारी शाळांत शिकून या परीक्षा भराभर उत्तीर्ण होऊ लागली. १९०० साली हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते, ते १९२२ पर्यंत २१ टक्क्यांवर गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबियात तर हा आकडा ४० टक्क्यांच्या घरात पोहोचला होता.

आपले बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर त्याच कोलंबियात दाखल झाले. ते पदव्युत्तर विभागात होते, त्यांची वाट वेगळी होती. पण ते तिथून १९१६ साली बाहेर पडले आणि पुढच्या तीन-चार वर्षांतच शेजारच्या पदवीपूर्व कॉलेजाचं दार अरुंद व्हायला लागलं. १९१९ च्या सुमारास तिथे लांबलचक अर्ज आला, त्यात धर्म, वडिलांचं जन्मस्थान असे रकाने आले, फोटो आला आणि मुलाखतही आली. दोन-तीन वर्षांत ज्यू मुलांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर उतरलं.

हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी १९२२ मध्ये ज्यूंच्या संख्येला उघडपणे मर्यादा घालण्याची भाषा केली. गहजब झाला. प्राध्यापकांची समिती नेमली गेली आणि १९२३ मध्ये तिने कोटा नामंजूर केला. आपल्याला वाटेल, संपला विषय. पण १९२२ च्या शरद ऋतूतच हार्वर्डच्या अर्जात एक नवा प्रश्न येऊन बसला होता. तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल झाला आहे का, असल्यास सविस्तर खुलासा करा. मी हा प्रश्न तीनदा वाचला. कोहेनचा कोल झालेला मुलगा परीक्षेत सापडत नव्हता, तो या एका ओळीत सापडणार होता.

१९२६ साली हार्वर्डने पहिल्या वर्षाची संख्या एक हजारावर थांबवली आणि निवडीत विद्वत्तेच्या जोडीला 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना वजन दिलं. आता गंमत पाहा. गुण मोजता येतात, त्यावर भांडता येतं. व्यक्तिमत्त्व कुणी मोजायचं? त्यासाठी माणूस समोर बसवावा लागतो, आणि देशभर पसरलेल्या अर्जदारांना समोर बसवायला गावोगावी आपली माणसं लागतात. ती माणसं तयारच होती, माजी विद्यार्थी! डार्टमथ कॉलेजने १९२० च्या दशकाच्या आरंभी हा मार्ग धरला, इतरांनीही आपापल्या परीने धरला. कॉलेजात आधी शिकून गेलेल्यांनी पुढच्यांना पारखायचं, म्हणजे बहुतेक वेळा आपल्यासारखेच कोण ते ओळखायचं. हार्वर्डच्या जुन्या कागदांत एका मुलाबद्दल, हा बुटका असून याचे कान मोठे आहेत, अशा अर्थाचा शेरा सापडतो, तोही १९८० च्या दशकातला.

आयझॅक असिमॉव्ह हे नाव विज्ञानकथा वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. १९३५ साली हा पंधरा वर्षांचा, मिठाईच्या दुकानदाराचा मुलगा कोलंबिया कॉलेजात मुलाखतीला गेला. मुलाखत घेणारा कॉलेजचाच माणूस होता. मुलाखत काही बरी झाली नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. नाही म्हणून कुणी सांगितलं नाही. ब्रुकलिनला आमचंच सेथ लो ज्युनियर कॉलेज आहे, तिथे अर्ज कर, असं सुचवण्यात आलं. तिथे गेल्यावर पाहतो तर वर्गात बहुतेक ज्यू आणि उरलेले बरेचसे इटालियन. माझा 'पहिला मजला' मला इथे आठवला. त्याच वर्षी रिचर्ड फाइनमन यांना कोलंबियाने घेतलं नाही. ते एमआयटीत गेले आणि १९६५ साली भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. असिमॉव्हनी पुढे कोलंबिया विद्यापीठातूनच १९४८ साली रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पण असल्या शेवट गोड होणाऱ्या गोष्टींवर माझा फार भरवसा नाही. सेथ लोच्या बाकांवर बसलेल्या इतर मुलांची नावं आपल्याला कुठे माहीत आहेत?

येलमध्ये १९६५ साली इन्सली क्लार्क हे तरुण गृहस्थ प्रवेश विभागाचे प्रमुख झाले आणि सरकारी शाळांकडे वळले. त्यावर विश्वस्तांपैकी एकाने त्यांना सुनावलं की देशाचे पुढारी या टेबलाभोवती बसलेत, यात एकही ज्यू नाही. माजी विद्यार्थी तर इतके चिडले की देणग्या बंद करण्याच्या धमक्या आल्या.

इतकं वाचून झाल्यावर मी पुतणीला सांगणार होतो की ही मुलाखत म्हणजे जुना सापळा आहे. पण एक गोष्ट आडवी आली. आशियाई वंशाच्या अर्जदारांना डावललं जातं, असा दावा २०१४ मध्ये हार्वर्डवर दाखल झाला. २०१८ साली बोस्टनच्या कोर्टात प्रवेशाचे आतले कागद बाहेर आले. प्रवेश कार्यालयात बसलेले लोक या मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण गोऱ्या मुलांपेक्षा कमी देत होते, आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. ज्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांना समोर बसवून ऐकलं होतं, त्यांनी दिलेले गुण मात्र गोऱ्या मुलांच्या जवळपास होते. खालच्या कोर्टाने २०१९ मध्ये हार्वर्डचा हेतू दोषी धरला नाही. शिक्षकांच्या शिफारसपत्रांमुळेही असा फरक पडू शकतो, असं न्यायाधीशांना वाटलं. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेणंच बंद केलं, तो आणखी मोठा आणि वादाचा विषय. मला अडकवलं ते त्या दोन आकड्यांनी. ज्यांना बाहेर ठेवण्यासाठी मुलाखत आणली, त्यांच्याच जागी आता उभी असलेली मुलं मुलाखतीत बरी ठरत होती. माझ्या त्या सरांनी मला दहा मिनिटं बोलू दिलं असतं तर?

आता ही पद्धतही आटत चालली आहे. ब्राउन विद्यापीठाने तिच्या जागी विद्यार्थ्याने स्वतः पाठवायची छोटी चित्रफीत आणली, कोलंबियाने २०२३ पासून माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती बंद केल्या. सगळ्यांना पुरतील इतके मुलाखत घेणारे नाहीत, आणि ज्याच्या गावात माजी विद्यार्थीच नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न आहेच. पुण्याच्या मुलीला कॉफीचं दुकान मिळालं, ते परभणीच्या मुलीला मिळालं असतं की नाही, कोण जाणे.

त्या गृहस्थांनी पुतणीबद्दल काय लिहिलं ते तिला कळणार नाही, तो कागद अर्जदाराला दाखवत नाहीत. तिने त्यांना आभाराची मेल केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. प्रवेशाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. लिहिलं होतं, जायचं ठरलंच तर बूट इथून नेऊ नकोस, तिथेच घे, इथले बर्फात टिकत नाहीत.