गोराईची टेकडी आणि क्योटोचा करार

बोरीवलीच्या पश्चिमेला, गोराई खाडीच्या काठी एक गवताळ टेकडी आहे. पूर्वेला कान्हेरीचा डोंगर लाव्हारसातून घडला. ही टेकडी मात्र आपल्याच घराघरांतून आली. १९७२ पासून मुंबई महानगरपालिका येथे कचरा टाकीत असे. सुमारे ३५ वर्षांत १९.६ हेक्टर जागेवर २३ लाख टनांहून अधिक कचरा साचला आणि त्याची सरासरी उंची २६ मीटर झाली. आठ मजली इमारत म्हणा ना!

गंमत (की शोकांतिका?) अशी की, १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून जो नगरविकास प्रकल्प सुरू झाला, त्यात चारकोप आणि गोराई येथे अल्प उत्पन्न गटांसाठी भूखंड पाडले गेले. परदेशी पैशाने लोकांना हक्काची जागा मिळाली, पण वारा फिरला की कचऱ्याचा दर्पही मिळाला. भरतीचे पाणी कचऱ्याच्या पायथ्याशी येई आणि काळा स्राव खारफुटीत उतरे.

आता थोडे रसायनशास्त्र पाहू. ओला कचरा दडपला गेला की आतला ऑक्सिजन लवकरच संपतो. मग ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू कामाला लागतात व मिथेन बाहेर पडतो. क्योटो कराराच्या पहिल्या कालखंडात एक टन मिथेन हा २१ टन कार्बन डायॉक्साइडच्या बरोबरीचा धरला जाई. तो जाळला तर काय होते? मिथेनचा रेणुभार १६, कार्बन डायॉक्साइडचा ४४. म्हणजे एका टनापासून पावणेतीन टन कार्बन डायॉक्साइड तयार होतो. तोही हिशेबात धरीत नाहीत, कारण त्यातला कार्बन भाजीपाल्याने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर जरूर करून दाखवावे.

या साध्या गणितावर एक जागतिक बाजार उभा राहिला. १९९७ चा क्योटो करार २००५ मध्ये अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमानुसार विकसनशील देशाने वायू कमी सोडावा आणि त्याचे प्रमाणपत्र, म्हणजेच कार्बन क्रेडिट, श्रीमंत देशाने विकत घ्यावे, अशी सोय झाली. इकडे अल्मित्रा पटेल यांच्या जनहित याचिकेनंतर २००० साली घनकचऱ्याचे नियम आले होते. गोराईत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. २००७ च्या अखेरीस कचरा टाकणे थांबले. उतार सारखे केले, वर अभेद्य आच्छादन व माती घातली, वायू ओढणाऱ्या विहिरी खणल्या आणि तो जाळण्याची सोय केली. दहा वर्षांत सुमारे १२ लाख टन कार्बन डायॉक्साइडइतकी बचत होईल असा अंदाज होता. त्या भरवशावर आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीने आगाऊ रक्कमही दिली.

असे अंदाज जगभर अनेक कचराभूमींत चुकले. आम्हाला त्याचे फारसे नवल वाटत नाही. उष्ण, दमट हवेत आपला ओला कचरा झपाट्याने कुजतो; आच्छादन पडेपर्यंत बराच वायू निसटून गेलेला असतो. त्यात २०१२ मध्ये क्रेडिटचा भावच एका युरोच्या खाली कोसळला.

म्हणून गोराईचा खटाटोप वाया गेला का? आम्हाला तसे वाटत नाही. शेजारच्या वस्तीला मोकळा श्वास घेता आला, याला कोणत्याही बाजारात भाव नसला तरी. मात्र बोरीवलीचा कचरा काही संपला नाही. तो मुलुंड आणि देवनारच्या वाट्याला गेला. देवनारला तर १९२७ पासून कचरा पडत होता. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनीही टिपला. मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हा बराचसा भार कांजूरमार्गवर आला. तेथेही खाडी आहे, खारफुटी आहे आणि वस्तीही आहे.